सीलबंद तिजोरी आणि एक बाप्तिस्मा

पुंता लिनाओ,
१२ जानेवारी १९९८

प्रिय तिया पुरिंग,

तुमचा हात कपाळाला लावते. या बेटावरचा एकुलता एक टेलिफोन मेयरच्या चुलतबहिणीच्या दुकानात आहे, आणि आपण बोलत असताना दुकानातली गिऱ्हाइकं मधूनमधून सल्ले देतात. म्हणून हे पत्र, बोटीच्या कप्तानाबरोबर. चिकटवून पाठवलंय. उघडलेलं हाती आलं तर कळवा.

तुम्ही बजावलं होतंत, ऑडिटरने ऑडिट संपेपर्यंत कुणाकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिया, धक्क्यावर पाय ठेवायच्या आत माझ्या हातात तांदळाचा गरम केक, बिबिंगका आला. कुणी दिला तेही कळलं नाही. परत कुणाला करणार? खाल्ला. आता माफ करा.

मला कामासाठी नगरपालिकेतच खोली दिलीय. टेबल त्यांचं, खुर्ची त्यांची, पंखा त्यांचा. ज्यांच्यावर आक्षेप लिहायचे त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच पंख्याचा वारा घेत. लोक मात्र फार चांगले आहेत, आणि मला भीती त्याचीच वाटते.

मेयर वेन्सेस्लाओ गाबुतेरो यांच्या दाराशी सकाळपासून रांग असते. कुणाला औषध हवं, कुणाला शवपेटी, कुणाला पोरांच्या बास्केटबॉलसाठी बनियन. मे महिन्यात निवडणूक आहे, त्यामुळे सध्या रांग जिन्याखाली जाते. रिकाम्या हाताने कुणी परतत नाही. हा पैसा येतो कुठून, हे मी अजून विचारलेलं नाही.

खजिनदार आहेत सिल्वेरियो इबान्येस, इथे सगळ्यांचे 'नोंग', म्हणजे दादा. निवृत्तीला वर्ष उरलंय. आवाज इतका हळू की पावती मागितली तरी माफी मागितल्यासारखं वाटतं. तिजोरीला नियमाप्रमाणे दोन कुलपं आहेत: एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी लेखापालाकडे, म्हणजे एकट्याने उघडता येऊ नये. इथे दोन्ही किल्ल्या नोंग सिल्वेरियोच्या गळ्यात, संताच्या पदकाशेजारी. मी विचारलं तर म्हणाले, "लेखापाल माझा कुंपारे आहे, इंदाय. त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा माझ्या मांडीवर झाला. किल्ली तुझ्याकडे वेगळी ठेव म्हणायचं म्हणजे त्याला वाटेल, माझा त्याच्यावर भरवसा नाही."

आणि तिया, इथे सगळेच एकमेकांचे कुंपारे. मेयर हे नोंग सिल्वेरियोच्या मुलीचे धर्मपिता. लेखापालाच्या धाकट्याचेही तेच. बिल काढणारा, बिल तपासणारा आणि बिलावर सही करणारा या तिघांना चर्चच्या एकाच पाण्याने भाऊ करून ठेवलंय. भावाचं बिल कोण तपासतो?

आता खरी अडचण. शुक्रवारी मेयरच्या खोलीत सगळे पान्सितच्या शेवया खात होते. (मी नुसती बसले होते. देवाशपथ.) नोंग सिल्वेरियो अचानक उभे राहिले आणि मेयरच्या समोर मला म्हणाले, "इंदाय, माझ्या नातीची निनांग होशील का? बाप्तिस्मा आठ फेब्रुवारीला." मेयरचा काटा हवेतच थांबला.

धर्ममाता व्हायला नाही म्हटलं तर बाळाला पीडा होते, असं इथे म्हणतात. आपल्या घरीही म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. आणि हो म्हटलं तर मी त्यांची कुमारे, ते माझे कुंपारे. मग त्यांच्या तिजोरीत हात घालू कुठल्या तोंडाने? मी सध्या "बघू" म्हणालेय. काय करू?

तुमची,
ग्लोरिफे

---

दुमागेते,
१७ जानेवारी १९९८

प्रिय ग्लोरी,

पत्र बंद मिळालं. बिबिंगकापाशी आल्यावर मी ते खाली ठेवलं आणि कॉफी करून आले. रागावर माझा हाच उपाय आहे. कॉफी संपली, राग उरलाय.

पोरी, आपल्या देशात लाच पाकिटातून कुणी देत नाही, पाळण्यातून देतात. पाकीट परत करता येतं. बाळ कसं परत करशील? मी नोकरीत असताना एका गावात पाय ठेवला की तिथल्या बायका माझ्याकडे पोट सावरत बघायच्या. चार गावांत माझी धर्मलेकरं आहेत, आणि त्यातल्या एकाही गावाचं ऑडिट मला नीट झोप येईल असं झालं नाही. नाताळला मात्र सगळी भेट मागायला वेळेवर येतात.

तुझा खजिनदार हळू बोलतो म्हणून विरघळू नकोस. मोठ्याने बोलणाऱ्यांच्या हाती तिजोरी कुणी देतच नाही. दोन्ही किल्ल्या एकाच गळ्यात, आणि ऑडिटरच्या गळ्यात नात! यात न समजण्यासारखं काय आहे?

तर ऐक. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. दाढ दुखतेय म्हण. दाढदुखीवर कुणाचा विश्वास बसत नाही, पण अपमानही कुणी मानत नाही. आणि तिजोरी उघड. आधी नोटीस पाठवून, कुणाला विचारून, वेळ ठरवून नको. हे पत्र घडी करून पर्समध्ये ठेव आणि जिना उतर.

खाण्याबद्दल तुला शिक्षा म्हणून आल्यावर माझ्या कपाटाची सफाई.

तिया पुरिंग

---

पुंता लिनाओ,
२५ जानेवारी १९९८

प्रिय तिया,

मी जिना उतरले. आता वर चढायला तोंड उरलं नाही.

तुमचं पत्र मिळालं त्याच सकाळी मी खजिन्यात जाऊन म्हणाले, "नोंग, तिजोरी उघडा. रोख मोजायचीय."

ते म्हणाले, "दुसरी किल्ली लेखापालाकडे आहे, इंदाय. तो सेबूला गेलाय, प्रशिक्षणाला. दोन तारखेला येईल."

मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. दोन किल्ल्या.

"मग ती कसली?"

"ती चर्चच्या दानपेटीची."

"दानपेटीची किल्ली तर फादरकडे असते."

"जुनी दानपेटी," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. तिया, इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आणि हा खजिनदार!

हिसकावून घेणार होते का? शेवटी नियमात असतं तेच केलं. लेखापाल येईपर्यंत तिजोरी सील. कागदाच्या पट्ट्या, सही, शिक्का, दोन्ही कुलपांवर. एक विचित्र गोष्ट सांगते. पट्ट्या लावायला माझे दोन हात पुरेनात, तर गोंदाची बाटली नोंग सिल्वेरियोंनी धरली. एक कडा सुटली होती, ती त्यांनीच अंगठ्याने दाबून बसवली. ज्याच्या तिजोरीला टाळं लागतंय तोच माणूस टाळं घट्ट लावतोय!

बाहेर जिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, "निनांगचं काय ठरलं?" मला दाढदुखी आठवलीच नाही. तोंडातून निघालं, "नाही, नोंग. मला जमणार नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बरोबर आहे तुझं, इंदाय," म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाळाला ताप.

आता सगळ्या बेटाला माहीत आहे की ताप हवेतून नाही, ऑडिटरकडून आला. वर तिजोरी बंद, म्हणून पगार थांबलेत. बाजारातली मासेवाली माझ्यासमोर टोपलीवर ओला गोणपाट टाकते आणि म्हणते, "संपले." गोणपाटाखाली मासा उड्या मारतोय! माझी खुर्ची "दुरुस्तीला" गेली. तिच्या एकाही पायाला काही झालेलं नव्हतं. पंखा अजून आहे, पण त्याची वायर कुणी नेली.

तिया, तो चोर आहे यात शंका नाही. दोन तारखेला तिजोरी उघडेल, मी लिहीन, त्याची पेन्शन जाईल, आणि तेच बरोबर असेल. मग रोज सकाळी त्या घरावरून जाताना पाळण्याचा आवाज आला नाही तर माझे पाय का थांबतात?

ग्लोरिफे

---

पुंता लिनाओ,
२८ जानेवारी १९९८

आदरणीय सेन्योरा पुरिफिकासियोन काबाहुग यांस,

आपली ओळख नसताना लिहितो, क्षमा असावी. पत्ता बोटीच्या कप्तानाने दिला. मी इथला खजिनदार सिल्वेरियो इबान्येस.

पहिली गोष्ट, बाळाचा ताप उतरला आहे. सर्दी होती. हे आपल्या भाचीला आपण सांगावं. मी सांगितलं तर ऑडिटरवर दबाव आणल्यासारखं होईल, आणि ती बिचारी माझ्याशी बोलत नाही. आमच्या घरावरून जाताना ती थांबून कान देते, ते माझ्या बायकोने पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट सांगणं कठीण आहे. तिजोरीत रोख कमी आहे. त्या जागी मेयरच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. "कुंपारे, या बाईला शवपेटीसाठी दे, पुढच्या आठवड्यात भरतो." त्यांनी स्वतःच्या घरात एक पेसो नेला नाही, हे मी सांगू शकतो. पण भरलाही नाही. आणि निवडणूक जवळ आली तशी पुढच्या आठवड्यांची गर्दी झाली.

मला नियम माहीत आहेत. पण नियम सांगून मी त्यांना नाही कसं म्हणू? एकदा म्हणून पाहिलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "कुंपारे, तुझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती नियमाने धरली होती की मी?" माझ्या मुलीचं अडलेलं बाळंतपण त्यांच्या बोटीमुळे सुटलं. ज्या नातीसाठी मी निनांग शोधतो ती त्यांच्यामुळे जिवंत आहे. अशा माणसाला कागदावरच्या कलमाने नाही म्हणायचं, तर ते आमच्याकडे उर्मटपणाचं ठरतं. नाही म्हणायला मला तितकंच जवळचं माणूस हवं होतं, ज्याच्यापुढे मला लाज वाटेल. मग मी म्हणू शकलो असतो, "कुंपारे, आता शक्य नाही, माझी कुमारे ऑडिटर आहे, तिला काय तोंड दाखवू?" हे कारण ते मानतात. इथे सगळे मानतात. म्हणून मी त्यांच्यासमोरच विचारलं. त्यांना कळलंही.

आपल्या भाचीला वाटलं मी तिचे हात बांधतो आहे. मी माझे बांधत होतो. पण ती नाही म्हणाली ते योग्यच, मला तिच्या नोकरीचा विचार करायला हवा होता.

आता मेयर म्हणतात की सोमवारच्या आत सील काढ, उंदरांनी गोंद खाल्ला असं लिही. चिठ्ठ्या जाळ आणि त्या जागी प्रशिक्षणाच्या खर्चाचे कागद ठेव. लेखापाल सेबूला ते कागद तयार करायलाच गेला आहे. तसं केलं तर मी खोटा. नाही केलं तर रक्कम माझ्या नावावर वसूल होणार आणि पेन्शन अडकणार. दोन्ही किल्ल्या अजून माझ्या गळ्यात आहेत. रविवारपर्यंत मी कसा माणूस ठरेन हे मला खरंच माहीत नाही.

हे वाचून आपण भाचीला सांगितलंत तरी माझी तक्रार नाही.

आपला नम्र,
सिल्वेरियो इबान्येस

---

दुमागेते,
३० जानेवारी १९९८

श्री. सिल्वेरियो यांस,

तुमच्याबद्दल मी भाचीला जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं नाहीत, हे बरं झालं. कप्तानाचे आभार.

धर्ममाता होण्यासाठी मुलाच्या घरच्यांनी विचारायचं असतं. आपणहून "मला करा" म्हणणारी बाई निर्लज्ज समजतात. माझं वय निर्लज्ज होण्याचंच आहे, म्हणून विचारते: नातीला मी निनांग चालेन का? मी निवृत्त आहे. माझ्या सहीने आता माझ्या विजेच्या बिलाशिवाय काहीही मंजूर होत नाही. माझ्याकडून तुम्हाला काडीचा फायदा नाही, आणि माझ्यापुढे लाज मात्र भरपूर वाटेल. चार गावांत विचारून पाहा.

भाचीला मी तुमच्या चिठ्ठ्यांबद्दल काही लिहिणार नाही. ते तुम्ही तिला दाखवायचं, सील तिच्या हाताने निघाल्यावर. ती जे लिहील ते लिहील. त्यात मी एक शब्द घालणार नाही, आणि तुम्हीही घालायला सांगायचं नाही. जी पाळण्याशी उभी राहील तिने सही करायची नाही, जी सही करील तिने पाळण्याशी उभं राहायचं नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्यांमागे एवढंच तर आहे.

मी रविवारच्या बोटीने येते. सोमवारी तिजोरी उघडेल तेव्हा तुमच्या खिडकीसमोरच्या बाकावर असेन. तोवर गोंद उंदरांपासून जपा.

पुरिफिकासियोन काबाहुग

ता. क. हे सोबतचं पाकीट ग्लोरीला द्या. त्यात एवढंच लिहिलंय: बाळ बरं आहे, सर्दी होती, तुझी दाढ कशी आहे, आणि मी घरची घडीची खुर्ची घेऊन येतेय.

---

दुमागेते,
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय तिया,

तुम्ही तिथे, मी इथे तुमच्या घरात. कपाट आवरलं. खाली मिळालेल्या बिबिंगकाच्या कागदांबद्दल मी कुणाला काही बोलणार नाही.

अहवाल काल वरिष्ठांकडे दिला. माझी मावशी त्या खजिनदाराची कुमारे झाली आहे, हे पहिल्याच पानावर लेखी कळवलं. साहेबांनी नियमाचं पुस्तक काढलं. रक्ताची नाती होती, लग्नाची होती. चर्चच्या पाण्याचं कुठेच काही नाही. ते म्हणाले, "लिहिलंस ते बरं केलंस. पण हे लागू करायचं ठरवलं तर अख्ख्या प्रांतात ऑडिट करायला माणूस उरणार नाही."

त्या सोमवारचं अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही बाकावर विणकाम करत बसलेल्या. मेयर दारात. लेखापाल सेबूहून आणलेली फाईल छातीशी धरून, जशी काही तीच बाप्तिस्म्याला न्यायचीय. सील शाबूत होतं. सुटलेली कडा कुणीतरी नव्याने चिकटवली होती. नोंग सिल्वेरियोंनी गळ्यातली एक किल्ली काढून लेखापालाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझी. घरी घेऊन जा." मग दोघांनी आपापलं कुलूप उघडलं, आणि नोंगनी तिजोरीतून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "मोज, इंदाय. या चिठ्ठ्याही मोज." लेखापालाची फाईल उघडलीच गेली नाही. नोंग मेयरकडे मात्र एकदाही बघू शकले नाहीत. खाली मान घालूनच होते.

मी आक्षेपाचा परिच्छेद लिहिला तिया, सौम्य केला नाही. चिठ्ठी म्हणजे रोख नव्हे. रक्कम वसूलपात्र: घेणाऱ्याकडून आणि देणाऱ्याकडून, दोघांकडून. खोटे कागद ठेवले असते तर फौजदारी झाली असती. आता वसुली पूर्ण होईपर्यंत पेन्शन थांबेल, पण जाणार नाही. मेयरचा वाटा मोठा धरलाय, कारण हस्ताक्षर त्यांचं आहे. सही करताना मला त्यांच्या नातीचं तोंड आठवत होतं. तरी केली. तुम्ही त्या आठवड्यात मला एकदाही विचारलं नाहीत, काय लिहितेयस म्हणून. एकाच घरात झोपत होतो आपण! ते किती कठीण गेलं असेल, हे मला तुमच्या विणकामाच्या गाठी बघून कळत होतं.

एकच काळजी आहे. चिठ्ठ्या दाखवणं वेगळं आणि तोंडावर नाही म्हणणं वेगळं. मी निघाले, निवडणूक तर अजून पुढेच आहे. मेयर पुन्हा आले तर? एक चिठ्ठी जरी त्या डब्यात गेली तरी पुढच्या वेळी मला दुसरा परिच्छेद लिहावा लागेल, आणि त्यानंतर त्यांच्यासाठी काही उरणार नाही. तुम्ही परत कधी येताय हे विचारत नाही. अजून थोडे दिवस राहा असं म्हणतेय.

ग्लोरिफे

---

पुंता लिनाओ,
३ मार्च १९९८

प्रिय ग्लोरी,

राहिले. मासेवाली आता मला मासे उधार देते, म्हणजे माझी अवस्था तुझ्यापेक्षा वाईट आहे.

मेयर काल आले होते. बाळ माझ्याकडे होतं, कारण त्याची आई कपडे धुवायला गेलेली. मी खजिन्यासमोरच्या बाकावर. मेयर जिना उतरून आले, मागे नांग एउलोगिया, डोक्याला काळा रुमाल. तिचा नवरा पहाटे गेला होता. मेयरच्या हातात चिठ्ठी. त्यांनी नेहमीच्या सवयीने ती खिडकीतून आत सरकवली, बोलता बोलता, जसं आपण मीठ सरकवतो.

सिल्वेरियो काहीतरी म्हणाला. मला बाकावर ऐकू आलं नाही. मेयरनाही आलं नाही.

"काय?"

आणि बघ, पहिल्यांदा तो जे काही पुटपुटला असेल ते वाऱ्यावर गेलं असतं. पण विचारल्यावर त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते सगळ्या रांगेने ऐकलं. "नाही, कुंपारे. कुमारे समोर बसलीय. मला लाज वाटते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी लगेच बाळाचं टोपडं सारखं करायला लागले. ते सारखंच होतं. पण मी तोंड उघडलं असतं, तर ते "नाही" माझं झालं असतं.

मेयर रागावले नाहीत ग. ते हुशार आहेत. म्हणाले, "ठीक. मग या बाईला तू सांग."

हे त्यांनी खरंच दुष्टपणे म्हटलं की हतबल होऊन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सिल्वेरियो पांढरा पडला. मला वाटलं संपलं, आता चिठ्ठी आत घेतो. तर तो खिडकी बंद करून, दार उघडून बाहेर आला. नांग एउलोगियाचा हात धरला. म्हणाला, "नांग, चिठ्ठीवर नाही देता येत. पण गरिबाच्या मयताला नगरपालिकेचा वेगळा पैसा असतो, त्याला अर्ज लागतो. आजवर कुणी केलाच नाही, कारण चिठ्ठी होती. चला, मी लिहितो. सुताराला मी हमी देतो, पेटी आजच येईल." ती बाई त्याच्याबरोबर समाजकल्याणच्या टेबलाकडे गेली. अर्ज कुठे असतो हे त्या टेबलावरच्या पोरीलाही शोधावं लागलं. पेटी संध्याकाळी आली.

रांग पांगली. मेयर तिथेच उभे. हातात चिठ्ठी. मग येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले. जवळून बघितलं तर बरेच म्हातारे आहेत.

"तीस वर्षांत हा मला कधी नाही म्हणाला नव्हता," ते म्हणाले.

"तुम्ही त्याला तशी सोय ठेवली नव्हती," मी म्हणाले.

"सेन्योरा, मी त्या बाईला रिकाम्या हाताने पाठवलं असतं तर झोप लागली नसती मला."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सगळे मत देतात. आता झोप स्वतःच्या खिशातून आणा."

ते हसले. निदान हसल्यासारखं केलं. चिठ्ठीची घडी केली, अजून एक घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "जरा देता का?"

बाळ मागत होते. ते मात्र मी दिलं.

तिया पुरिंग